डिझायनर बुटांना परवडणारे पर्याय: स्निकर, लोफर आणि पेन्सिल हिल

निकाल आधीच सांगून टाकतो. पांढऱ्या चामडी स्निकरला उत्तम पर्याय सहज मिळतो. लोफरला शोधून मिळतो. पेन्सिल हिलमध्ये मात्र स्वस्ताच्या मागे लागलं तर पाय आणि पाठ दोन्ही दुखतात. बुटाची किंमत चामडं, साचा (ज्या पायाच्या आकारावर बूट घडवतात तो), तळ जोडण्याची पद्धत आणि नाव यांत वाटली जाते. पहिल्या तीन गोष्टी शाबूत ठेवून फक्त नावाचे पैसे वाचवणारा बूट, त्यालाच इथे पर्याय म्हटलंय. दुसऱ्याचा लोगो छापलेला बनावट माल या हिशेबात धरलेलाच नाही. त्यात सगळा खर्च दिसण्यावर होतो आणि आतला पुठ्ठा पहिल्या पावसात फुगतो.

साध्या पांढऱ्या स्निकरमध्ये मापदंड मानला जातो तो कॉमन प्रोजेक्ट्सचा ‘अकिलीज लो’. ब्रँड 2004 चा, बूट इटलीत बनतो आणि टाचेपाशी सोनेरी आकडे छापलेले असतात. आकडे बाजूला ठेवले तर उरतं काय? चांगलं चामडं, आत चामड्याचंच अस्तर आणि कडेने शिवलेला, मार्गोम या इटालियन तळ-कंपनीचा रबरी तळ. कोइओचा ‘काप्री’ आणि ग्रेट्सचा ‘रोयाल’ हे दोघे जवळपास हेच देतात आणि बरेच स्वस्त पडतात. फरक साच्यात आहे: अकिलीजचा पंजा अरुंद आणि लांबट दिसतो, म्हणून तो सूटच्या पँटखाली शोभतो. रुंद पायाच्या माणसाने त्याच्यासाठी जीव टाकू नये. आदिदासचा ‘स्टॅन स्मिथ’ डोळे झाकून सुचवला जातो, पण 2021 मध्ये त्याच्या नेहमीच्या मॉडेलचा वरचा भाग कृत्रिम झाला. चामडंच हवं असेल तर खोक्यावरचं वर्णन वाचून घ्या.

या प्रकारात सर्वांत मोठी फसवणूक तळाच्या शिलाईत होते. रबराच्या कडेला फिरणारे टाके अनेकदा रबर ओततानाच उमटवलेले असतात आणि तळ नुसता चिकटवलेला असतो. तपासणं सोपं आहे: आतला सुटा इनसोल (पायाखालची गादी) उचला आणि कडेला बघा. शिलाई खरी असेल तर तोच दोरा आत गोल फिरताना दिसतो. आत काहीच नसेल तर बाहेरची शिलाई ही नक्षी समजा. चिकटवलेला तळ वाईटच असतो असं नाही, पण तो आधी सुटतो पंज्याच्या वळणावर, जिथे पाय दर पावलाला वाकतो.

चामड्याची पारख हाताने होते. बोट आत घालून पंज्याचा भाग खालून वर दाबा. अस्सल, वरचा थर न घासलेल्या चामड्यावर बारीक, दाट सुरकुत्या पडतात आणि बोट काढल्यावर बऱ्याचशा विरतात. घासून वर रंगाचा जाड थर चढवलेल्या चामड्यावर मोजक्या, रुंद घड्या पडतात; पुढे चिरा जातात त्या तिथेच. मग लेसच्या भोकांपाशी किंवा जिभेच्या कापलेल्या कडेला बघा. तंतू दिसले तर चामडं, कापडावर प्लॅस्टिकची साय दिसली तर रेक्झिन. युरोपात विकल्या जाणाऱ्या बुटांवर चित्रांचं लेबल सक्तीचं आहे: पसरलेल्या कातड्याचं चित्र म्हणजे चामडं, त्याच चित्रात पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर लेप दिलेलं चामडं, नुसती चौकट म्हणजे इतर पदार्थ. त्या भागाचा किमान 80 टक्के हिस्सा ज्या पदार्थाचा, त्याचं चित्र छापतात. अस्तर आणि तळ यांची चित्रं वेगळी असतात, तिन्ही वाचा. वरून चामडं आणि आतून कृत्रिम अस्तर, ही पैसे वाचवण्याची सर्रास युक्ती आहे आणि पायाला घाम सुटतो तो त्यामुळेच.

‘नामांकित ब्रँडच्याच कारखान्यात बनलेला’ या जाहिरातीवर पैसे मोजू नका. कारखाना प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने सांगितलेल्या दर्जाचं चामडं आणि त्याने मोजलेल्या वेळेची मेहनत देतो. छप्पर एक असलं तरी माल वेगळा असू शकतो.

लोफरमध्ये सगळे ज्याच्या मागे असतात तो 1953 चा, वर घोड्याच्या लगामाची कडी असलेला गुच्ची. कडीवाले पर्याय ढिगाने आहेत, पण कडीच आधी दगा देते. पातळ मुलामा दिलेली हलकी कडी घासून खालचा धातू उघडा पडतो. तिची दोन्ही टोकं चामड्याच्या पट्टीत शिवून बसवलेली हवीत. गोंदाने डकवलेली कडी हलवली की लगेच कळते. कडीचा आग्रह नसेल तर 1936 पासून बनणारा जी. एच. बासचा ‘वीजन्स’ घ्या. चामडी तळाची जोडी असेल तर तळ झिजल्यावर बदलता येतो, आणि आमच्या मते हाच या वर्गातला सर्वांत शहाणपणाचा सौदा आहे. लोफरला लेस नसते, त्यामुळे नवा असताना तो घट्टच हवा. चामडं रुंदीत सैलावतं, लांबीत नाही.

पेन्सिल हिलची गोष्ट वेगळी आहे. क्रिस्तियान लूबुताँ या फ्रेंच डिझायनरच्या लाल तळाला अमेरिकेत 2012 च्या निकालाने आणि युरोपात 2018 च्या निकालाने ट्रेडमार्कचं संरक्षण मिळालंय, त्यामुळे लाल तळाची नक्कल शोधत बसू नका. तसाही तो रंग रस्त्यावर चालताच घासला जातो, मुळातल्या महागड्या जोडीचाही. लक्ष द्यायचं ते सांगाड्याकडे. बूट सपाट टेबलावर ठेवा आणि वरून बोटाने आडवा ढकला. टाच लटपटली तर तिथेच ठेवून द्या. मग दोन्ही हातांत धरून वाकवा. बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधल्या कमानीत वाकला तर आतली पोलादी पट्टी कमजोर आहे किंवा नाहीच. अशा बुटात वजन पुढे घसरतं आणि बोटं चेंगरतात. खूप उंच टाचेत ही पट्टी आणि टाचेतली सळी यांवरच सगळा भार असतो, म्हणून इथे स्वस्त नव्या जोडीपेक्षा चांगल्या ब्रँडची कमी वापरलेली जोडी परवडते. ती घेताना टाचेच्या टोकाची झीज दोन्ही पायांत सारखी आहे का ते पाहा.

नंबराच्या बाबतीत ब्रँड बदलला की जुना आकडा विसरा. युरोपीय मापात एका नंबराचा फरक साधारण 6.7 मिमी, ब्रिटिश मापात 8.5 मिमी, त्यामुळे तक्त्यातलं रूपांतर तंतोतंत जुळत नाही. दोन्ही पाय संध्याकाळी उभं राहून मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. अकिलीजसारखे बूट मोठे येतात, त्यात बहुतेकांना एक नंबर कमी लागतो.

सेलमध्ये जुना साठा घेताना तळ कशाचा आहे ते विचारा. पॉलियुरेथेनचा तळ न वापरताही हवेतल्या ओलाव्याने काही वर्षांत आतून कुजतो आणि पहिल्याच फेरफटक्यात तुकडे पडतात. बनल्याची तारीख बहुधा जिभेच्या आतल्या लेबलावर असते. तारीख जुनी आणि तळाला नखाचा ठसा राहून चिकटपणा लागत असेल, तर सूट कितीही असो, ती जोडी सोडा.