स्कॅन करावा की फॉरमॅट मारावा? काँप्युटर हॅक झाल्याची शंका आली तेव्हाचे दोन रस्ते

काँप्युटरमध्ये कुणीतरी शिरलंय असं एकदा वाटायला लागलं की पुढे दोनच रस्ते असतात. एक म्हणजे स्कॅनर चालवायचा, सापडेल ते काढायचं आणि आहे तीच विंडोज वापरत राहायचं. दुसरा म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायची, फॉरमॅट मारायचा. हे दोन्ही मी एकाच मशीनवर, एकामागोमाग एक करून पाहिलंय. मी घरून डीटीपीचं आणि अनुवादाचं काम करतो, त्याच मशीनवर बायको काही दुकानांचे जीएसटीचे हिशेब बघते. म्हणून हा आढावा कामधंद्याच्या मशीनवाल्याचा आहे, तज्ज्ञाचा नाही.

आधी एक गाळणी लावून घेऊ, कारण बऱ्याच वेळा या दोन्हींची गरजच नसते. 'मी तुमच्या कॅमेऱ्यातून चित्रण केलंय, बिटकॉइन पाठवा' असा मेल आला आणि त्यात तुमचा खराखुरा जुना पासवर्ड लिहिलेला असला, तरी घाबरू नका. असे मेल 2018 पासून घाऊक फिरतायत. तो पासवर्ड कुठल्यातरी जुन्या साइटच्या फुटलेल्या यादीतून उचललेला असतो. 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर आपला मेल पत्ता टाकला की कुठून फुटला त्याचा अंदाज येतो. पाठवणाऱ्याच्या जागी तुमचाच पत्ता दिसत असेल तर तोही खोटा लिहिता येतो. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या पीसीत 5 व्हायरस' असं सारखं वर येणं. तिथे बहुतेक वेळा कुठल्यातरी साइटला कधीतरी नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते. ती काढून टाकली की खेळ खलास. आणि खात्यातून पैसे गेले असतील तर काँप्युटर नंतर बघा, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

खरी काळजी करण्यासारखी चिन्हं वेगळी. गूगल खात्याच्या डिव्हाइस यादीत अनोळखी मशीन दिसणं. डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद पडणं आणि चालू केला तरी न टिकणं. एक जागा लोक सहसा बघत नाहीत, ती म्हणजे डिफेंडरमधली एक्सक्लूजन्सची यादी. तिथे तुम्ही न टाकलेला फोल्डर असेल, किंवा थेट अख्खा सी ड्राइव्हच असेल, तर कुणीतरी पहारेकऱ्याला 'इकडे बघू नकोस' असं सांगून ठेवलंय हे नक्की.

आमच्याकडे सुरुवात क्रोममधून झाली. मुलाने शाळेच्या प्रोजेक्टसाठी पीडीएफचं वर्ड करणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं होतं. त्यानंतर शोध गूगलवर टाकला की पानं भलत्याच सर्च इंजिनवर उघडायला लागली.

मी आधी पहिला रस्ता धरला, आणि तो नावं ठेवण्यासारखा नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन मशीन रीस्टार्ट करून, विंडोज पूर्ण वर यायच्या आत तपासणी करतो. त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्यांना आडोसा मिळत नाही, आणि साधारण पाव तासात काम आटोपतं. दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स या स्कॅनरची फुकट आवृत्ती पुरते. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनरही आहे, पण तो उतरवल्यापासून 10 दिवसांत शिळा होतो, दर वेळी नवा घ्यावा लागतो. सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र 2017 पासून आहे, तिथेही फुकट साधनं मिळतात. सगळ्यात मोठी सोय म्हणजे त्याच संध्याकाळी काम सुरू होतं. मराठी फाँटचं श्रीलिपी जागेवर, पानं लावायचा जुना पेजमेकर जागेवर, प्रिंटर जागेवर, बायकोच्या डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर जागेवर. हे सगळं नव्याने बसवलेल्या माणसालाच त्याची किंमत कळते.

स्कॅनरने चार-सहा गोष्टी पकडल्या, काढल्या, आणि पडदा हिरवा झाला. शोध पुन्हा गूगलवर जायला लागला. इथवर उत्तम.

मग एका दुपारी क्रोमचे तीन ठिपके दाबले तर मेनूच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन'. घरच्या मशीनला कसली आली ऑर्गनायझेशन? ही ओळ ऑफिसच्या काँप्युटरवर दिसते, कारण तिथे कंपनी क्रोमला नियम घालून देते. तेच नियम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, लिहून एखादं घुसखोर सॉफ्टवेअर आपलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं जादा साधन) तुमच्यावर लादू शकतं, आणि मग ते काढायचं बटणच चालत नाही. क्रोमचं पॉलिसीचं पान उघडून पाहिलं. तिथे सक्तीच्या एक्स्टेन्शनांच्या नियमासमोर 32 अक्षरांचा एक अगम्य आयडी बसलेला. स्कॅनरने फाइल उचलली होती, नियम मात्र तसाच ठेवला होता.

रजिस्ट्रीतून तो नियम काढला. ओळ गेली. काही दिवसांनी परत आली. मग मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स हे साधन लावून विंडोजबरोबर काय काय सुरू होतं ते ओळ न् ओळ वाचलं, तेव्हा अपडेटरच्या नावाने बसलेलं एक शेड्यूल्ड टास्क, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, सापडलं. तेच नियम पुन्हा पुन्हा लिहीत होतं. ते उडवलं आणि ओळ कायमची गेली.

म्हणजे पहिला रस्ता जिंकला म्हणायचा. पण मला खटकलं ते पुढचं. त्यानंतर क्रोम उघडला की मी आधी तीन ठिपके दाबून तळाची ओळ बघायचो. पंखा जरा जोरात फिरला की टास्क मॅनेजर उघडून काय चालू आहे ते बघायचो. बायको बँकेची साइट उघडायला बसली की 'थांब, मी फोनवरून करतो'. बरं, ती ओळ म्हणजे काही पक्का पुरावाही नव्हे. काही अँटिव्हायरस आणि ऑफिसची सॉफ्टवेअरंसुद्धा क्रोमला असेच नियम घालतात, म्हणजे ओळ असली तरी मशीन साफ असू शकतं आणि नसली तरी बिघडलेलं असू शकतं. स्कॅनर म्हणतो 'नो करंट थ्रेट्स'. त्याचा अर्थ एवढाच, की त्याला ओळखता आलं असं काही उरलेलं नाही. दिसले तेवढे ढेकूण मारले, पण रात्री अंग खाजलं की पुन्हा दिवा लावायचाच, असली गत. बाकी सगळं मी सोसलं असतं. ही उठसूट तपासण्याची सवय मात्र डोक्यात गेली. माझा कल दुसऱ्या रस्त्याकडे झुकला तो यामुळे. तुम्हाला असा चाळा लागत नसेल तर तुमचा निर्णय वेगळा येईल, आणि तो चुकीचा असेलच असं नाही.

फॉरमॅटमध्येही प्रकार आहेत. विंडोजमधल्या 'रिसेट धिस पीसी'त 'कीप माय फाइल्स' निवडलं तर तुमच्या फायली राहतात, सॉफ्टवेअरं उडतात, आणि काय काय उडालं त्याची यादी डेस्कटॉपवर ठेवली जाते. त्यातच 'क्लाउड डाउनलोड' घेतलं तर विंडोज नव्याने उतरवली जाते, सुमारे 4 जीबी. ते न घेता 'लोकल' घेतलं तर मशीनमधल्याच फायलींवरून विंडोज परत उभी राहते, आणि ज्या घरावर संशय त्याच घरातल्या विटा वापरायच्या हे मला काही पटेना. मी दुसऱ्याच्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून घेतला, त्यावरून बूट केलं आणि विंडोजच्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं पुसली. लायसन्सची धास्ती बाळगू नका. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. आधीची विंडोज रीतसर घेतलेली असेल तर नेटला जोडलं की नवी आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. दुसरी डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीने) बंद असेल तर मात्र तिची 48 आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.

त्रास होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पुसायला आणि विंडोज बसवायला फारसा वेळ लागला नाही, अपडेटनीच दुपार खाल्ली. श्रीलिपीच्या डोंगलचा (लायसन्सच्या यूएसबी किल्लीचा) ड्रायव्हर शोधण्यात संध्याकाळ गेली. त्यानंतरही कित्येक दिवस 'अरे, हा फाँट राहिलाच' असं चालू होतं. परत आणताना मी फक्त कामाच्या फायली, फोटो आणि फाँट आणले. डाउनलोड्स फोल्डर उघडूनही पाहिला नाही, तो तसाच गेला. इन्स्टॉलर एकही जुना घेतला नाही.

इथे एक खाचखळगा सांगतो, कारण त्यात पडलं तर अख्खा रविवार वाया. नव्या विंडोजवर क्रोममध्ये साइन इन केलं की सिंक, म्हणजे गूगल खात्यात साठवलेलं परत आणणारी सोय, तुमची जुनी एक्स्टेन्शनं आपणहून परत आणू शकते, त्यातलं नको असलेलंही. म्हणून सिंकमध्ये एक्स्टेन्शनं आधी बंद ठेवा, हवी ती हाताने टाका.

आणखी एक सांभाळायची जागा म्हणजे दुकानवाला. 'साहेब, चार-पाचशेत फॉरमॅट मारून देतो' हे आपल्याकडे इतकं सोपं आहे की बहुतेक जण तेच करतात. मंडळी कामाला वाईट नसतात, पण त्यांच्या पेनड्राइव्हवर बऱ्याचदा तयार केलेली विंडोज असते, फुकटात अ‍ॅक्टिव्हेट करणाऱ्या हत्यारासकट. डिफेंडर त्याला 'हॅकटूल' म्हणून ओळखतो, ऑटोकेएमएस अशा नावाने. म्हणून दुकानात आधी डिफेंडरच बंद केला जातो. ज्या संशयापायी मशीन तिथे नेलं तोच पिशवीत घालून घरी आणायचा. दुकानात द्यायचंच असेल तर पेनड्राइव्ह आपला द्या आणि 'यावरूनच टाका' म्हणून सांगा.

फॉरमॅटच्या बाजूने बोलतोय म्हणून त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. लोजॅक्स नावाचं मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) 2018 मध्ये इसेट या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी उघडकीला आणलं, ते मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसायचं आणि डिस्क पुसूनही जायचं नाही. पण तो निवडक लक्ष्यांवरचा प्रकार. पीडीएफ कन्व्हर्टरवाल्यांची मजल तिथवर जात असेल असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा जवळचा धोका वेगळा, आणि तिथे दोन्ही रस्ते सारखेच लंगडे. आजकालचे चोर मशीनमध्ये मुक्काम करतातच असं नाही. ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज (तुम्ही लॉगिन केलंय हे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलायच्या, पाठवायच्या आणि निघून जायचं. लुम्मा हे त्यातलं गाजलेलं नाव. 2025 च्या मार्च ते मे या दोन महिन्यांत 3 लाख 94 हजारांहून जास्त विंडोज मशीनना त्याची लागण झाल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. कुकी हाती लागली तर चोराला पासवर्डही लागत नाही, ओटीपीही लागत नाही. तो तुमच्या उघड्या खात्यातच येऊन बसतो. म्हणून स्कॅन करा नाहीतर फॉरमॅट मारा, त्याआधी फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून मेलचा पासवर्ड बदला, सगळीकडून साइन आउट करा, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये नजर टाका. मेल आधी, बँक नंतर, कारण बाकीच्या बऱ्याच खात्यांचे पासवर्ड बदलायची वाट मेलमधूनच जाते.

गंमत अशी, की फॉरमॅटला सगळ्यात जास्त घाबरतात ते ज्यांचं त्यात काहीच जात नाही. आमच्या आत्याच्या मशीनवर ब्राउझर आणि नातवंडांचे फोटो, बस. फोटो कॉपी केले की तिचं मशीन नवंकोरं. तरी तिला फॉरमॅट म्हटलं की धडकी भरते आणि ती महिनोन् महिने स्कॅनर पळवत बसते. तिला मी डोळे झाकून दुसरा रस्ता सांगेन. माझ्यासारख्या गाठोडं घेऊन बसलेल्याला मात्र खरोखर विचार करावा लागतो.

काय झालंय ते तुम्हाला नेमकं माहीत असेल, म्हणजे अमुक एक्स्टेन्शन आलं आणि ते गेलं, तर स्कॅनवर थांबायला हरकत नाही असं मी म्हणेन. एक्सक्लूजन्समध्ये परकी नोंद सापडली असेल, फोनवरच्या 'बँकवाल्या'ने एनीडेस्क (दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) लावून मशीन हाताळलं असेल, किंवा तुमच्याकडे दुसऱ्यांचे हिशेब असतील, तर मी स्कॅनमध्ये वेळ घालवणार नाही. विंडोज 10 वर असाल तर आणखीच नाही. तिचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, पुसायचीच आहे तर मशीन झेपवत असल्यास 11 टाकून मोकळे व्हा.

नवी विंडोज टाकल्यावर मी मुलाला वेगळं साधं खातं काढून दिलं. काही इन्स्टॉल करायचं झालं की माझा पासवर्ड विचारला जातो. तो कुरकुरतो, पण कन्व्हर्टर आता माझ्याकडे मागतो.

घरात कुणी जीएसटीची रिटर्न भरत असेल तर यातलं काहीही करायला महिन्याच्या 20 तारखेनंतरचा रविवार पकडा. 3बी या दरमहाच्या रिटर्नच्या आदल्या रात्री टोकनचा ड्रायव्हर सापडेनासा झाला, तर हॅकर परवडला म्हणायची वेळ येते.