कोकेनचं व्यसन: बक्षीस पद्धत, सीबीटी की औषध?

कोकेनच्या व्यसनावर उपचाराची सुरुवात बक्षीस पद्धतीने (कोकेन न घेतल्याचं तपासणीत दिसलं की बक्षीस) करावी आणि पहिल्याच आठवड्यापासून सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी थेरपी, जोडावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. हेरॉइनच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आहे. कोकेनवर तसं मान्यताप्राप्त औषध आजही नाही.

मेंदूत सुटलेलं डोपामिन (आनंद आणि ओढ यांच्याशी जोडलेलं रसायन) परत आत ओढणारे पंप कोकेन अडवतं. सततच्या वापराने डोपामिनचा संदेश टिपणारे डी-२ रिसेप्टर घटतात, आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मंदावतो. रोजचे आनंद महिनोन् महिने फिके वाटतात. अशा मेंदूला 'वर्षभराने आयुष्य सुधारेल' हे पटत नाही. आज, हातात मिळणारं बक्षीस पटतं.

म्हणून बक्षीस पद्धत साधारण १२ आठवडे चालते. आठवड्यातून २-३ वेळा लघवी तपासायची, निकाल स्वच्छ आला की तिथेच कूपन द्यायचं. सलग स्वच्छ निकालांबरोबर रक्कम वाढते. कोकेन सापडलं किंवा तपासणी चुकली की पुन्हा पहिल्या रकमेवर. कोकेनचे अंश साधारण २ ते ४ दिवसच सापडतात, म्हणून आठवड्यातून एकदाच तपासलं तर मधला वापर निसटतो. बक्षीस महिनाअखेरीस दिलं किंवा फारच किरकोळ ठेवलं, तरी पद्धत फसते. खरी उणीव मात्र पुढे दिसते: बक्षिसं थांबली की परिणाम ओसरू लागतो.

सीबीटीचं नेमकं उलट आहे. १२ ते १६ सत्रांत तलफ कशाने जागी होते (हातात आलेले पैसे, ठरावीक मित्र, दारू) ते शोधून नकाराचा सराव करतात. सुरुवातीला लक्ष टिकत नाही, म्हणून फायदा हळू दिसतो, पण शिकलेलं उपचार संपल्यावरही उपयोगी पडतं. दारूचा मुद्दा टाळू नये: दारू आणि कोकेन एकत्र घेतल्यास यकृतात कोकाइथिलीन नावाचं द्रव्य तयार होतं आणि हृदयावरचा ताण वाढतो.

टोपिरामेट, मोडाफिनिल, डायसल्फिराम या औषधांच्या कोकेनवरच्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत. सोबत नैराश्य असेल तर त्यावर औषध जरूर घ्यावं. मेंदूला बाहेरून दिलेलं चुंबकीय उत्तेजन, म्हणजे टीएमएस, अजून प्रायोगिक आहे; पहिली निवड म्हणून नको.

कोकेन थांबवल्यावर पहिल्या काही दिवसांत प्रचंड झोप, भूक आणि उदासी येते. आत्महत्येचे विचार, भास किंवा संशय असेल, तर तुलना बाजूला ठेवून लगेच दाखल व्हावं. छातीत दुखलं तर थेट आपत्कालीन विभागात जावं आणि कोकेन घेतल्याचं डॉक्टरांना सांगावं, कारण त्यावर कोणतं औषध द्यायचं ते बदलतं.