आठ रविवार, तिसरा मजला, लिफ्ट नाही

आधीच सांगून टाकते, निबंध लिहायला शिकवणारा हा रविवारचा वर्ग मी स्वतःसाठी लावला नव्हता. भाची लॉच्या पहिल्या वर्षाला आहे, निबंधाचा पेपर तिला जड जातो, म्हणून तिच्या नावाने 3,200 रुपये भरले. दोन रविवार गेली आणि म्हणाली, "मावशी, तिथे नुसतं बोलून राहिलेत सगळे. नोट्स तर देतच नाहीत!" फी परत मिळणार नाही हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात होतं. मी अठ्ठावन्न वर्षांची, बँकेतून निवृत्त, पैसे बुडालेले बघवत नाहीत. तिसऱ्या रविवारी मीच जाऊन बसले.

जागा इंदूरच्या भंवरकुआँच्या मागच्या गल्लीत. जिना अरुंद, गुडघे दुखत असतील तर विचार करा. खाली पोहे-जलेबीचा ठेला आहे, त्यामुळे दहाचा वर्ग सव्वादहाच्या आत कधी सुरू झाला नाही. सरांच्याच हातात प्लेट असायची. चौदा मुलं, एक कूलर. निबंध बहुतेक इंग्रजी, चर्चा हिंदीत, लिहायचं दोन्हीपैकी कशातही. झेरॉक्स अशी की ओळीतली शेवटची अक्षरं कडेला कापलेली. पहिला निबंध मी अर्धा अंदाजानेच वाचला.

सरांचा नियम एकच. विरोध करण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की तो स्वतः म्हणेल, हो, मला हेच म्हणायचं होतं. ते याला पूर्वपक्ष म्हणतात. शब्द जुना, शास्त्रीबुवांचा. पण तो पाळताना वीस वर्षांच्या पोरांना घाम फुटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या रविवारी पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा 1972 चा निबंध होता. पूर्व बंगालमध्ये माणसं अन्न-निवाऱ्यावाचून मरत होती, तेव्हा लिहिलेला. तळ्यात मूल बुडतंय. कपडे चिखलाने खराब होतील म्हणून तुम्ही काठावर थांबाल का? नाही ना, मग ते मूल दूरच्या देशातलं असलं की खिशात हात का जात नाही? एक मुलगा लगेच म्हणाला, "पहले अपना घर देखो, भिया." सरांनी त्यालाच उभं केलं आणि दहा मिनिटं सिंगरची बाजू मांडायला लावली. अडखळत, घसा खाकरत त्याने ती मांडली. आणि मग खाली बसता बसता म्हणाला, रोज नवं तळं असेल तर मी माझी परीक्षा कधी देऊ? घर-बिर सगळं बाजूला राहिलं, आता हा खरा आक्षेप होता. पुढचा तास त्यावरच गेला.

पण पैसे वसूल झाले ते पाचव्या रविवारी. विषय शाहबानो, नवऱ्याने सोडल्यावर पोटगीसाठी कोर्टात गेलेली मुस्लिम बाई. मुलांना तिच्या बाजूने लागलेला 1985 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पाठ, त्यावर उतारा म्हणून आलेला 1986 चा कायदा पाठ. ती बाई आपल्या इंदूरची, हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेले होते. घरी हा विषय निघाला की आई रेडिओ मोठा करायची. नेहमीचे चार जण धर्म आणि कायदा यावर ओरडायला लागले, तेव्हा सरांनी फळ्यावर फक्त आकडे लिहिले. लग्न 1932. घराबाहेर काढलं 1975. पोटगी मागितली महिना 500. मॅजिस्ट्रेटने 1979 मध्ये दिले 25. हायकोर्टाने 1980 मध्ये केले 179 रुपये 20 पैसे. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी तोवर एक अक्षर बोलली नव्हती, तिने विचारलं, "सर, ये बीस पैसे कहाँ से आए?"

कूलरचा आवाज ऐकू यायला लागला. सर म्हणाले, हाच तुझा निबंध. मग त्रेचाळीस वर्षांच्या संसाराचा हिशोब पैशापर्यंत कोण, कशाच्या आधारे करतो, यावर पोरं बोलली आणि त्या चौघांनीही ऐकून घेतलं.

आता तक्रार, आणि ती लहान नाही. निबंध तपासून वेळेवर मिळत नाहीत. मी इच्छामरणावर लिहिला होता. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 'लिव्हिंग विल'ला, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तर उपचार थांबवा असं आधीच लिहून ठेवण्याला, काही अटींवर परवानगी दिली. माझ्या सासूबाई त्याआधी तीन वर्षं अंथरुणावर होत्या, ते सगळं त्यात होतं. पाच आठवड्यांनी परत आला, खाली लाल शाईत एक ओळ: "भावना अच्छी है, तर्क कहाँ है?" बरोबर असेलही. पण पाच आठवड्यांनंतर कुठल्या वाक्यात काय मनात होतं, हे मला तरी कुठे आठवत होतं? (चॅटजीपीटीवरून आणलेले निबंध मात्र सर तिथल्या तिथे पकडतात. "ये लाइन क्यों लिखी?" एवढंच विचारतात.)

दुसरं, संचात एकही मराठी लेख नाही. मी ताराबाई शिंद्यांच्या 1882 च्या 'स्त्री-पुरुष तुलने'ची दोन पानं हिंदी करून नेली. सुरतेच्या एका विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, त्या संतापातून बाई लिहायला बसल्या. सरांनी वाचलं आणि म्हणाले, ग़ुस्सा बहुत है. मी म्हटलं, सर, बायकांवरचे आरोप ती एकेक करून घेते आणि पुरुषांवर उलटवते, म्हणजे पूर्वपक्ष झालाच की! भावना पण आहे, तर्क पण आहे. सर हसले आणि पानं ठेवून घेतली.

नोट्स हव्या असतील त्यांनी जाऊ नये. लाजऱ्या मुलांना पहिले तीन-चार रविवार अवघड जातील, कारण त्या चौघांना आवरायला सरांना उशीर लागतो. पुढच्या तुकडीत मी नाव घातलंय, या वेळी माझ्याच नावाने. अर्धी फी दिली आहे. उरलेली पहिला निबंध तपासून हातात आल्यावर, हे सरांना सांगून ठेवलंय.