किशोरवयीन मुलांच्या गांजाच्या सवयीवरील समुपदेशन केंद्र : एक अभिप्राय

दहावी-बारावीच्या निकालांत कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात आघाडीवर असतो, आणि त्या अभिमानापोटीच की काय, किनाऱ्यावरच्या आमच्या गावांत मुलांच्या गांजाच्या सवयीविषयी उघडपणे बोलले जात नाही. अकरावीतल्या भाच्याला सिंधुदुर्गातील एका तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशनासाठी नेताना माझ्या बहिणीला सवयीपेक्षा बोभाट्याचीच धास्ती अधिक होती.

या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तिथे मुलाच्या अभ्यासापासून सुरुवात होते. समुपदेशक बाईंनी पहिल्या भेटीत ना उपदेश केला, ना पोलिसांचे नाव काढले. त्यांनी वह्या मागवल्या. रसायनशास्त्राची वही पावसाळ्यात समास आखून, सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती आणि दिवाळीनंतरच्या पानांवर केवळ तारीख व धड्याचे नाव उरले होते. ती पाने पुढे सरकवून, "इथे काय झालं, ते तूच सांग," असे त्यांनी म्हटल्यावर घरात अवाक्षर न काढणारा मुलगा बोलता झाला. गांजातील टीएचसी हे द्रव्य नवे शिकलेले स्मरणात साठवण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणते आणि मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालूच असते, हे त्यांनी त्या वहीच्या आधारेच उलगडून सांगितले.

आकडे सांगतानाही त्यांनी भीती घातली नाही, याचे मला विशेष मोल वाटते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील मुलांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सतराव्या वर्षाआधी रोज गांजा ओढणाऱ्यांची शालेय शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक कमी आढळली. मात्र जुळ्या भावंडांच्या अभ्यासात बुद्ध्यांकाच्या घसरणीमागे घरच्या परिस्थितीचाही वाटा असावा असे दिसले, हेही त्यांनी बहिणीला सांगितले आणि मगच घरातल्या कुरबुरींची चौकशी केली.

दोन गोष्टी मात्र तातडीने सुधारायला हव्यात. केंद्र सकाळी दहा ते एक या वेळेतच उघडे असते, म्हणजे बुडालेली हजेरी सावरण्यासाठी आलेल्या मुलाला पुन्हा तासच बुडवावे लागतात. शिवाय केसपेपरवरचे नाव व्हरांड्यात मोठ्याने पुकारतात. जिथे एसटीचा वाहकही घरचा पत्ता जाणतो, तिथे हे अक्षम्य आहे.

भाचा आता नियमित वर्गात बसतो, गुणांचे अजून कळायचे आहे. ज्यांचे मूल अजून शाळा-महाविद्यालयाशी जोडलेले आहे, त्यांनी या केंद्रात जरूर जावे आणि जाताना वर्षभराच्या वह्या सोबत न्याव्यात.