14 रोपं, 10 महिने आणि तो लाल मातीचा गोळा

मागच्या नोव्हेंबरात एका नर्सरीतून 2,850 रुपयांची 14 रोपं आणली, आता सप्टेंबर चालूये आणि सात जिवंत आहेत. आमची गच्ची नाशिकच्या इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेची, म्हणजे दुपारी दोननंतर तापलेला तवाच.

हिवाळ्याबद्दल तक्रार नाही. पेटुनिया, शेवंती भरभरून फुलली, आपल्याकडे रात्री पारा 10च्या खाली जातो ते त्यांना मानवतं. पेटुनिया मार्चमध्ये गेला पण तो सीझनलच, ते पैसे मी सोडले.

खरी बोंब एप्रिलपासून. अनंत, 350चा, सगळ्यात महाग, म्हणून त्याचे लाडही जास्त. रोज दोन वेळा पाणी, तरी पानं वाळून गळायला लागली. नर्सरीवाल्याला फोन केला तर म्हणे ताई पाणी जास्त होतंय, मग कमी केलं तर आठ दिवसांत खलास. शेवटी कुंडी उलटी केली. बाजूचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलं आणि मधोमध पिशवीतला तो लाल मातीचा गोळा जसाच्या तसा, सुरीने कापला तर आत कोरडा ठणठणीत, मुळं त्यातच गोल गोल फिरलेली. म्हणजे महिनाभर मी कोकोपीटला पाणी पाजत होते!

बरीचशी रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात, चिकट मातीत बांधलेली, की वाटेत गोळा फुटू नये. ते ठीके, पण गिऱ्हाईकाला एका शब्दाने सांगाल की नाही?

सासरे दिंडोरीचे द्राक्षवाले. नानांनी गोळा हातात घेतला, फरशीवर आपटला, तरी फुटेना. म्हणाले, "अगं, मोगऱ्याचा मी जानेवारीतच फोडला होता, तू चहा करत होतीस." तेव्हा छाटणी करून कुंडीही त्यांनीच बदललेली. त्याआधी महिनाभर मोगऱ्याचं पाणी तोडायला लावलं होतं, ताण द्यायचा म्हणे, मला वाटलं द्राक्षबागेचं खूळ आमच्या कुंडीत आणलं. एप्रिलात रोज ओंजळभर फुलं निघाली आणि मी त्याचं श्रेय खताला देत बसले.

इथपर्यंत जूनमध्ये लिहून ठेवलेलं आणि नर्सरीला रिव्ह्यूत एक स्टार द्यायचा ठरवलेला. पण पहिला पाऊस झाल्यावर जास्वंदीचा गोळा रात्रभर बादलीत भिजवला, निम्मी माती हलक्या हाताने धुतली, शेणखत घातलेल्या मातीत लावली. तीन आठवडे रुसून बसली, एक पान हलेना, मग जी सुटली ती आजही रोज चार-पाच फुलं देतेय. अबोलीही तशीच वाचली. त्यामुळे तीन स्टार, रोपं वाईट नव्हती.

बाकी चीड येते ती याची की गच्चीवर सगळ्यात देखणी दोन झाडं फुकटची आहेत. शेजारच्या काकूंनी छाटून फेकलेली बोगनवेलीची फांदी खोचली, ती मे महिन्याच्या उन्हात, पाणी विसरलं तरी गुलाबी झाली होती, आणि त्र्यंबकहून मावशीने पुडीत दिलेलं तेरड्याचं बी पावसात असं माजलंय की जिन्यात पाऊल ठेवायला जागा नाही.

परवा सोनटक्का घ्यायला त्याच नर्सरीत गेले, पर्समध्ये विणायची सुई घेऊनच, गोळ्यात खुपसून बघायला. त्याने लांबूनच ओळखलं. "ताई, तुमच्यासाठी गोळा सोडवून देतो," म्हणाला, आणि 20 रुपये जास्त लावले.