कंबरेचं टेन्स मशीन: गुण आहे, पण पुस्तिका खोटं बोलते

तीन तारे देते. पुस्तिकेला वेगळे द्यायची सोय असती तर तिला शून्य दिलं असतं.

मी निवृत्त स्टाफ नर्स. 31 वर्षं वॉर्डात उभ्याने काढली, त्याचं व्याज आता कंबर वसूल करतेय. चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलीय, कळ डाव्या पोटरीपर्यंत जाते. फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितलं, "सिस्टर, घरी टेन्स लावून बघा." म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून विजेचे हलके झटके देणारं मशीन. दोन चॅनल, चार पॅड, 9 व्होल्टची बॅटरी, 1,800 रुपयांना घेतलं.

पुस्तिकेत छापलंय, "दबलेल्या नसा मोकळ्या होतात." साफ खोटं. गादी आहे तिथेच राहते. कमी होते ती दुखण्याची खबर.

ही खबर पायातून मज्जारज्जूच्या मागच्या भागात येते आणि तिथल्या पेशीच्या हवाली होते. नेमकं त्याच जागी शरीर स्वतःची अफू सोडतं. त्यातलं एन्केफॅलिन ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी 1975 साली ॲबर्डीनमध्ये डुकरांच्या मेंदूतून वेगळं काढलं. ते खबर देणाऱ्या टोकाशी कॅल्शियमची वाट अडवतं, त्यामुळे खबर पुढे नेणारी रसायनं, ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी, कमी सुटतात. घेणाऱ्या पेशीतून पोटॅशियम बाहेर काढून तिलाही सुस्त करतं. ही अफू पेशींवरच्या ज्या कुलपांना (रिसेप्टरना) किल्लीसारखी लागते, त्याच कुलपांना मॉर्फिनही लागतं. म्हणून तर सिझेरियनला भूलतज्ज्ञ मणक्यात जेमतेम 0.1 मिलिग्रॅम मॉर्फिन सोडायचे आणि बाई रात्रभर शांत झोपायची. दंडात आम्ही 10 मिलिग्रॅम टोचायचो! अर्थात त्या रात्री आमची झोप जायची, दर तासाला तिचा श्वास मोजायला लागायचा.

मशीन हीच घरची अफू जागी करतं. 100 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 100 झटक्यांवर, नुसत्या मुंग्या येतात, 4 हर्ट्झवर स्नायू टकटक उडतो. उंदरांवरच्या प्रयोगांत टकटक म्यू नावाच्या कुलपातून आणि मुंग्या डेल्टामधून काम करताना दिसल्या. पुस्तिकेत दोन्हींना "रिलॅक्स मोड" म्हटलंय, धन्य आहे.

मी पहिले पाच दिवस रोज मुंग्याच लावल्या. अर्ध्या तासाने उठलं की भाकऱ्या थापण्यापुरती कंबर हलकी व्हायची. सहाव्या दिवशी ढिम्म. मशीन बिघडलं समजून दुकानात परत द्यायला निघाले होते, तर ती फिजिओवाली मुलगी हसली. रोज तोच मोड लावला की शरीर त्याला सरावतं, मॉर्फिनचा डोस पुरेनासा होतो तसंच. वॉर्डात हे शेकडो वेळा पाहिलेलं, स्वतःच्या कंबरेला मात्र लावून बघितलं नाही! आता आलटून पालटून लावते, आणि जोरही मुंग्या नीट जाणवतील इतका ठेवते. ज्यांच्या ट्रामाडॉलसारख्या, म्यूच्याच कुलपाला लागणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या बरेच महिने चालू आहेत, त्यांना टकटक कमी लागू पडण्याची शक्यता आहे. त्यांनी मुंग्यांपासून सुरुवात करावी. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आराम तासाभराचा, फार तर दोन तासांचा. व्यायाम चुकत नाही.

पॅड मात्र तीन आठवड्यांत चिकटेनासे झाले. ओलं बोट फिरवून आणखी पंधरा दिवस ओढले. नवे चार 350 रुपयांना पडले. मशीनला साडेतीन देणार होते, अर्धा तारा पॅडनी खाल्ला.