कोंडा की कोरडी टाळू? आधी हे ठरवा, मग बाटली निवडा

डोकं खाजतं, खांद्यावर पांढरं पडतं, आणि आपण सरळ म्हणून टाकतो, "कोंडा झालाय." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण आमच्या घरात दोन डोक्यांवरून सारखंच पांढरं पडत होतं आणि दोघींची कारणं अगदी उलटी निघाली. मला होता कोंडा. मी तो कोरडेपणा समजून दोन वर्षं तेल चोपडत राहिले. धाकट्या बहिणीची टाळू खरोखरच कोरडी होती, आणि ती कोंडा समजून दिवसाआड कडक अँटी-डँड्रफ शाम्पूने डोकं धूत होती. दोघींचं वाढतच गेलं. म्हणून कुठला शाम्पू चांगला, या प्रश्नाआधी आपल्याला नेमकं काय झालंय हे बघायला हवं.

कंगवा आणि काळं कापड

केस धुऊन तीन दिवस झाले की टेबलावर काळं कापड पसरा, मान खाली घाला आणि मानेकडून कपाळाकडे कंगवा फिरवा. बहिणीच्या डोक्यातून पडलं ते पिठासारखं बारीक, पांढरंशुभ्र. फुंकर मारली की उडून गेलं. माझे खवले मोठे होते, पिवळसर होते, आणि दोन बोटांत चोळले तर मेणासारखे चिकटले. एवढ्या एका गोष्टीने अर्धं काम होतं.

उरलेलं खाज कधी सुटते यावरून कळतं. कोरडी टाळू धुतल्याबरोबर ताणल्यासारखी होते आणि त्याच दिवशी खाजते. कोंड्याची खाज धुतल्यावर थांबते आणि तीन-चार दिवसांनी, मुळं तेलकट झाली की परत येते. आणखी एक खूण शरीरावर असते. पोटऱ्या, हात कोरडे पडत असतील तर टाळूही कोरडी असण्याची शक्यता जास्त. उलट भुवयांत, नाकाच्या कडांना, कानामागे किंवा दाढीत लालसर होऊन तेलकट पापुद्रे सुटत असतील, तर तो कोंड्याचाच मोठा भाऊ, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. ऋतूवरून मात्र ठरवू नका, थंडीत दोन्ही वाढतात.

उपाय उलटे का?

कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, असते. लुई-शार्ल मॅलॅसे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. ती जवळपास प्रत्येकाच्या डोक्यावर असते, त्यामुळे कोंडा हा अस्वच्छतेचा पुरावा नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. या यीस्टला स्वतःसाठी लागणारी मेदाम्लं बनवता येत नाहीत. ती आपल्या त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. ते तेल फोडताना ओलिक आम्लासारखे पदार्थ मागे राहतात, आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाहीत. मग खाज सुटते, दाह होतो. त्वचेचा वरचा थर एरवी साधारण महिनाभरात नकळत बदलतो. इथे ती घाई इतकी वाढते की पेशी सुट्या न गळता गठ्ठ्याने सुटतात. खांद्यावर दिसतात ते हे गठ्ठे.

प्रयोगशाळेत मॅलॅसेझियाची एक जात वाढवायची तर वाढवण्याच्या माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर देतात. हे वाचलं तेव्हा माझी दोन वर्षं डोळ्यांसमोर आली. तेल लावलं की खवले ओले होऊन केसांना चिकटायचे, दिसेनासे व्हायचे, आणि मला वाटायचं उतार पडतोय.

कोरड्या टाळूत भानगड वेगळी. वरच्या थरातलं तेल आणि ओलावा निघून जातो: कढत पाण्याने, कडक फेसाने, फार वेळा धुण्याने, कोरड्या हवेने, वाढत्या वयानेही. इथे मारायला काही नाही, भरून काढायचं आहे. त्यामुळे कोंड्याला डोकं जास्त वेळा धुणं उपयोगी पडतं, तर कोरड्या टाळूला कमी वेळा.

टाळू कोरडी असेल तर

हा भाग सोपा आहे, फक्त धीर लागतो. धुण्याचे दिवस कमी करा, पाणी कोमट ठेवा, शाम्पू सौम्य आणि शक्यतो बिनवासाचा घ्या, ड्रायर गरम हवेवर चालवू नका. धुण्याआधी तासभर थोडं तेल चालेल. इथे ते शत्रू नाही. त्याहून चांगलं म्हणजे ग्लिसरीन किंवा ५ ते १० टक्के युरिया (ओलावा धरून ठेवणारा घटक) असलेलं, धुऊन न टाकायचं लोशन, ओलसर टाळूवर भांग पाडून लावलेलं. खाजवून त्वचा फुटली असेल तर युरिया झोंबतो. ती आधी बरी होऊ द्या. बहिणीने अँटी-डँड्रफ शाम्पू बंद केला आणि आठवड्यातून दोनदाच धुवायला लागली. तीन आठवड्यांत ताण गेला.

कोंडा असेल तर: कुठला शाम्पू?

ब्रँड बघू नका, बाटली उलटी करून घटक वाचा. मोठी नावं मोजकी आहेत.

माझी पहिली पसंती केटोकोनाझोल. ते यीस्टचं आवरण घडूच देत नाही, म्हणजे मूळ कारणावर घाव घालतं. शाम्पूत ते १ किंवा २ टक्के असतं. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, मग आठवड्या-पंधरवड्यातून एकदा. केटोकोनाझोलच्या गोळीचे यकृतावर गंभीर परिणाम होऊ शकतात असं वाचून कुणी शाम्पूला घाबरत असेल तर सांगते, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. टाळूवरून ते रक्तात जवळजवळ जातच नाही. उणीव एकच, केस थोडे रखरखीत होतात.

झिंक पायरिथिओन जास्त सौम्य, वारंवार वापरायला सोयीचं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत चार आठवड्यांनंतर २ टक्के केटोकोनाझोलने ७३ टक्के सुधारणा दिसली, तर १ टक्का झिंक पायरिथिओनने ६७ टक्के. हलका कोंडा असेल तर हा फरक फार मोठा मानू नका. युरोपीय महासंघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत या घटकावर बंदी घातली आहे. त्याचं कारण त्याचं प्रजननाला घातक पदार्थांत झालेलं वर्गीकरण. तिथल्याच वैज्ञानिक समितीने मात्र धुऊन टाकायच्या शाम्पूत १ टक्क्यापर्यंत ते सुरक्षित मानलं होतं. ज्यांना तरी नको वाटतं त्यांनी पिरोक्टोन ओलामाइन हा यीस्टवरचाच दुसरा घटक असलेली बाटली बघावी.

सेलेनियम सल्फाइड जोरदार आहे आणि पेशींची घाईही कमी करतं. पण रंगवलेल्या किंवा पिकलेल्या केसांचा रंग बिघडवू शकतं, दागिन्यांवर डाग पाडतं, आणि काहींची टाळू अधिक तेलकट करतं. केस रंगवत असाल तर मी ते सुचवणार नाही.

सॅलिसिलिक ॲसिड यीस्टवरचं औषध नव्हे. ते खवल्यांचा थर सैल करून काढतं. थर जाड बसला असेल तर आधी आठवडाभर ते वापरून मग केटोकोनाझोलकडे या, म्हणजे औषध त्वचेपर्यंत पोचेल. नुसत्या कोरड्या टाळूवर ते लावू नका, आणखी कोरडं पडेल. कोल टार, म्हणजे कोळशापासूनचं डांबर, हे जुनं औषध, अजूनही काम करतं, पण वास उग्र आहे, फिकट केसांवर डाग पडतात आणि लावल्यावर ऊन बाधतं. बाकीचं जमलं नाही तरच.

टी ट्री तेलाबद्दल नेहमी विचारलं जातं. ५ टक्के टी ट्री असलेल्या शाम्पूने चार आठवड्यांत ४१ टक्के सुधारणा झाली आणि नुसत्या शाम्पूने ११, असा २००२ चाच एक अभ्यास आहे. म्हणजे उपयोग होतो, पण औषधी शाम्पूंच्या मागे. बाटलीतलं शुद्ध तेल थेट टाळूवर मात्र कधीच नको. त्याची ॲलर्जी होऊ शकते आणि ती चिवट असते. लिंबाचा रस आणि खायचा सोडा दोन्ही सोडा. टाळूचा सामू (pH, आम्लता मोजायचं माप) साधारण ५.५, लिंबू त्याच्या कितीतरी खाली, सोडा बराच वर. खाजवून ओरखडलेल्या त्वचेवर दोन्ही जाळतात.

औषध चुकत नाही, वेळ चुकते

"शाम्पूने काही झालं नाही" म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते, डोक्यावर किती वेळ ठेवला? अर्ध्या मिनिटात धुतलं तर औषध मोरीत जातं. आधी साध्या शाम्पूने तेल-धूळ काढा. मग औषधी शाम्पू केसांना न लावता बोटांच्या पेरांनी ओळीओळीने त्वचेला लावा. कानांच्या वर आणि मानेच्या रेषेला विशेष, तिथेच राहून जातं. नखं लावू नका. तीन ते पाच मिनिटं तसंच ठेवा, तोवर अंग धुऊन घ्या. शेवटी कंडिशनर फक्त केसांच्या लांबीला. केस कुरळे, दाट आणि कोरडे असतील तर आठवड्यातून एकदा पुरे. जास्त धुतलं तर केस तुटायला लागतात.

आणि कोंडा कायमचा जात नाही, आटोक्यात राहतो. यीस्ट तिथेच असते. माझे खवले महिन्यात गेले, मी बाटली बाजूला ठेवली, आणि सहाव्या आठवड्यात भुवया पुन्हा खाजू लागल्या. आता औषधी शाम्पूने पंधरा दिवसांतून एकदा धुते, थंडीत दर आठवड्याला.

डॉक्टरकडे केव्हा

चार आठवडे नीट वापरूनही फरक नसेल तर बाटली बदलत बसू नका. काही वेळा चार आठवडेही थांबू नये. केसांच्या रेषेबाहेर आलेले जाड, चंदेरी थर, सोबत कोपर-गुडघ्यांवर तसेच चट्टे किंवा नखांत बारीक खड्डे, म्हणजे सोरायसिस या त्वचेच्या आजाराची शक्यता. लहान मुलाच्या डोक्यावर खवल्यांचा गोल, तिथले केस तुटलेले किंवा गळालेले, मानेत गाठी, म्हणजे बहुधा डोक्याचा नायटा; त्याला पोटातूनच औषध लागतं, नुसता शाम्पू पुरत नाही. केस रंगवल्यावर कान, मान, पापण्या सुजल्या तर ती डायची ॲलर्जी, आणि तो रंग पुन्हा लावायचा नाही. पांढरा कण केसावरून बोटांनी ओढूनही सरकत नसेल तर ती लीख आहे, कोंडा नाही. टाळूतून पू येत असेल, ती दुखत असेल, तर त्याच दिवशी जा.

स्टेरॉइडचं लोशन झटकन आराम देतं, म्हणून जुन्या चिठ्ठीवरून परत परत आणू नका. डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. तपासायला जाताना आदल्या दिवशी केस धुऊ नका, तेलही लावू नका, खवले जसे आहेत तसे दिसायला हवेत. आणि आजवर लावलेल्या सगळ्या बाटल्यांच्या मागच्या बाजूचे फोटो फोनमध्ये घेऊन जा.